राष्ट्रीय हरित सेना (महाराष्ट्र)

राष्ट्रीय हरित सेना ही शाळकरी विद्यार्थ्यांच्या सहभागातून पर्यावरणविषयक उपक्रम राबवणारी योजना आहे. केंद्र सरकारच्या तत्कालीन पर्यावरण व वन मंत्रालयाने ती २००१-०२ या वर्षी सुरू केली. योजनेत सहभागी शाळेत साधारण ३० ते ५० विद्यार्थ्यांचा एक गट असतो. त्याला 'इको क्लब' किंवा 'हरित सेना पथक' म्हणतात आणि एक प्रभारी शिक्षक त्याचे काम पाहतो. महाराष्ट्रात योजनेची अंमलबजावणी सामाजिक वनीकरण विभागामार्फत झाली. वृक्षलागवड, रोपवाटिका, परसबाग, कचऱ्याचे वर्गीकरण, पाणी अडवणे, परिसरातील जीवसृष्टीची नोंद आणि सणांच्या निमित्ताने जनजागृती ही या पथकांची प्रमुख कामे आहेत.

वन विभागाने वृक्षलागवड मोहिमेच्या काळात नागरिक स्वयंसेवकांची जी नोंदणी केली, तिला 'महाराष्ट्र हरित सेना' असे नाव आहे. ती योजना वेगळी असून शाळांपुरती मर्यादित नाही. नावांच्या साधर्म्यामुळे बातम्यांत दोहोंची अनेकदा गल्लत होते.

पार्श्वभूमी

शाळेच्या आवारात मुलांनी हाताने काम करावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी नयी तालीमची मांडणी केली. तीत उत्पादक श्रम हे शिक्षणाचे माध्यम मानले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुले शेती व बागकाम करीत शिकली. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह आहे. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशींनंतर 'कार्यानुभव' हा विषय शालेय वेळापत्रकात आला. आज परसबागेत किंवा रोपवाटिकेत जे काम चालते, त्याचा बराचसा भाग पूर्वी याच तासिकेत होत असे.

पर्यावरण हा स्वतंत्र विषय म्हणून पुढे आला तो १९७७ च्या तिब्लिसी परिषदेनंतर. भारतात त्याला कायदेशीर बळ मिळाले ते सर्वोच्च न्यायालयातील एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेमुळे. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने शिक्षणाच्या सर्व पातळ्यांवर पर्यावरण शिक्षण देण्याचे निर्देश दिले. त्यांची अंमलबजावणी रेंगाळल्याने १८ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेला अभ्यासक्रम तयार करण्याचा आदेश झाला. हरित सेनेची योजना या दोन तारखांच्या मधल्या काळातली आहे. पुस्तकातला विषय आणि आवारातले काम अशा दोन वाटांनी पर्यावरण शाळेत शिरले, आणि या दोन वाटा अद्याप पुरत्या एकत्र आलेल्या नाहीत. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीच्या वर्गांना 'परिसर अभ्यास' हा विषय आहे. चौथीच्या परिसर अभ्यासाचा दुसरा भाग शिवचरित्राचा असतो, त्यामुळे राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या मुलांना आपला परिसर पाठ्यपुस्तकात बहुधा इतिहास म्हणून भेटतो.

संघटना व निधी

योजनेत राज्य पातळीवर एक समन्वयक यंत्रणा आणि प्रशिक्षणासाठी एक संसाधन संस्था असते. पर्यावरण शिक्षण क्षेत्रात राज्यात दीर्घकाळ काम करणाऱ्या संस्थांमध्ये पर्यावरण शिक्षण केंद्र (स्थापना १९८४, मुख्यालय अहमदाबाद) आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था (१९९३) यांचा समावेश होतो. सामाजिक वनीकरण विभाग राज्यात १९८२ पासून आहे. त्याच्या तालुका पातळीवरील रोपवाटिका हा शाळांना रोपे मिळण्याचा नेहमीचा मार्ग होता.

केंद्राच्या निकषानुसार एका जिल्ह्यात कमाल २५० शाळांना या योजनेतून अनुदान मिळत असे. दर पथकामागे ही रक्कम अनेक वर्षे वार्षिक २,५०० रुपये होती आणि नंतर ती ५,००० रुपये झाली. एकट्या पुणे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा सुमारे साडेतीन हजार आहेत, हे लक्षात घेतले तर योजनेची पोच किती मर्यादित होती ते कळते. शिवाय तिचा भर मुख्यतः उच्च प्राथमिक व माध्यमिक वर्गांवर होता. पहिली ते चौथीच्या छोट्या शाळांत हेच काम शालेय मंत्रिमंडळातील 'पर्यावरण मंत्री' आणि 'स्वच्छता मंत्री' पाहत आले आहेत.

पुढे समग्र शिक्षा योजनेत (२०१८-१९ पासून) 'युवा व इको क्लब' या शीर्षाखाली सर्व सरकारी शाळांसाठी तरतूद झाली. ती प्राथमिक शाळांना ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिक शाळांना १५,००० आणि माध्यमिक शाळांना २५,००० रुपयांपर्यंत आहे. अलीकडे या क्लबांना 'मिशन लाइफ' या केंद्रीय अभियानाशी जोडले गेले असून ऊर्जाबचत, पाणीबचत, एकल वापराच्या प्लॅस्टिकला नकार, शाश्वत अन्नपद्धती, कचरा कमी करणे, इ-कचरा कमी करणे आणि आरोग्यदायी जीवनशैली असे सात विषय त्यांना ठरवून दिले आहेत. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केलेले 'माझी वसुंधरा' अभियान पंचमहाभूतांच्या कल्पनेवर आधारलेले आहे.

उपक्रम

वृक्षलागवड व रोपवाटिका. हा सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त छायाचित्रे निघणारा उपक्रम होय. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केलेल्या वनमहोत्सवाचा आठवडा (१ ते ७ जुलै) हा त्याचा मुख्य काळ. १ जुलै हा वसंतराव नाईक यांच्या जयंतीनिमित्त राज्यात कृषिदिन म्हणूनही पाळला जातो. जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो. मात्र तेव्हा राज्यातील शाळांना उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे शाळांच्या दृष्टीने पर्यावरणाचे वर्ष खरे तर जूनच्या मध्यावर, पहिल्या पावसाबरोबर सुरू होते. गावातून निघणारी वृक्षदिंडी, पालखीत ठेवलेली रोपे आणि 'एक मूल, एक झाड' अशा घोषणा ही या दिवसांची ओळख आहे.

काही शाळा रोपे मागवण्याऐवजी स्वतः तयार करतात. या कामाला झाडांच्या वेळापत्रकाप्रमाणे चालावे लागते. चिंच व करंज यांच्या शेंगा उन्हाळी सुट्टीपूर्वी गोळा होऊ शकतात. बहाव्याच्या बीचे आवरण कठीण असल्याने ते गरम पाण्याची प्रक्रिया केल्याशिवाय नीट रुजत नाही. जांभळाची बी मात्र साठवून ठेवता येत नाही. फळ खाल्ल्यावर थोड्याच दिवसांत ती पेरली नाही तर तिची उगवणशक्ती जाते. दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती, वाळू व शेणखताचे मिश्रण भरून, खाली भोके पाडून त्यात बी लावतात. मातीच्या गोळ्यात बी घालून पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरावर टाकण्याचा 'बीजगोळ्यां'चा उपक्रमही बराच लोकप्रिय आहे. त्यात मुलांचा उत्साह मोठा असतो. पण उघड्यावर पडलेल्या गोळ्यांपैकी फार थोड्यांचीच झाडे होतात, आणि गवत दाट असेल तेथे ती जवळजवळ होतच नाहीत. एका पिशवीतले रोप वर्षभर सांभाळण्यात मुलांना जे शिकायला मिळते, ते शंभर गोळे फेकण्यात मिळत नाही.

कोणती झाडे लावावीत याबद्दलची समजही हळूहळू बदलली. सामाजिक वनीकरणाच्या सुरुवातीच्या दशकांत सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ व गिरिपुष्प या झपाट्याने वाढणाऱ्या विदेशी जातींवर भर होता, आणि अनेक जुन्या शाळांच्या कुंपणाकडेला त्या आजही दिसतात. आता वड, पिंपळ, उंबर, करंज, जांभूळ, बहावा, कडुनिंब, आवळा अशा देशी जातींना पसंती दिली जाते.

परसबाग. प्राथमिक शाळेला सर्वांत साजेसा आणि बहुधा सर्वांत टिकाऊ उपक्रम हाच आहे. शालेय पोषण आहाराच्या (२०२१ पासून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण') स्वयंपाकात वापरण्यासाठी शाळेच्या आवारात भाजीपाला पिकवला जातो आणि त्यासाठी तालुका व जिल्हा पातळीवर स्पर्धाही होतात. मेथी, पालक व कोथिंबीर महिना-दीड महिन्यात काढणीला येतात. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाला पेरणीपासून ताटापर्यंतचा सगळा प्रवास एका सत्रात दिसतो. दोडका, दुधी, कारले व घेवडा कुंपणावर चढवतात. शेवगा आणि कढीपत्ता एकदा लावले की वर्षानुवर्षे उपयोगी पडतात. हात व ताटल्या धुण्याचे पाणी चर काढून वाफ्यांकडे वळवले की वेगळ्या पाण्याची गरज बरीच कमी होते. पालापाचोळा न जाळता दोन खड्ड्यांत आळीपाळीने साठवून खत केले जाते. काही ठिकाणी गांडूळखताचे वाफेही असतात. परसबागेला मोठ्या निधीची गरज नसते. तिला लागते ते कुंपण, कारण गावातल्या शेळ्या शाळेची वेळ पाळत नाहीत.

कचरा. राज्यात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिक पिशव्या व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली, तर १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या ठरावीक वस्तू बंद झाल्या. त्यानंतर वेष्टने गोळा करणे, ती प्लॅस्टिकच्या बाटलीत ठासून 'प्लॅस्टिकची वीट' करणे आणि त्या विटांनी झाडांभोवती आळी किंवा बाके बांधणे हे उपक्रम शाळाशाळांत पसरले. यातून साठलेले प्लॅस्टिक नाहीसे होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. ग्रामीण भागात सुक्या कचऱ्याच्या संकलनाची कायमची व्यवस्था नसेल, तर मुलांनी केलेले वर्गीकरण शाळेच्या फाटकापाशीच थांबते. ही अडचण मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे आणि तिचे उत्तर ग्रामपंचायतीकडे आहे.

पाणी. पावसाळा संपता संपता ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून रचलेले 'वनराई बंधारे' राज्यभर परिचित आहेत. हे नाव मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेवरून रूढ झाले. पोती भरण्याच्या कामात शाळा व महाविद्यालयांची पथके भाग घेतात. बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो. डिसेंबर उजाडला की अडवायला पाणी उरत नाही. लहान मुलांसाठी गळक्या नळाखाली भांडे ठेवून दिवसाचे पाणी मोजणे, साध्या पर्जन्यमापकाने पाऊस नोंदवणे आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा आकडा लिहिणे हे उपक्रम अधिक योग्य ठरतात.

निसर्गनोंदी. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. ही संकल्पना रुजवणाऱ्यांमध्ये परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचे नाव प्रमुख आहे. या नोंदींत विद्यार्थ्यांना सामील करून घ्यावे, असा त्यांचा आग्रह राहिला. आजी-आजोबांकडून रानभाज्यांची नावे व उपयोग विचारून आणणे हा त्यातला एक सोपा भाग आहे, आणि पिढी सरली की ही माहिती जाते, म्हणून तो तातडीचाही आहे. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी टांगणे व तेथे येणाऱ्या पक्ष्यांची यादी करणे हेही बहुतेक शाळांत चालते.

सण. गणेशोत्सवापूर्वी शाडू मातीच्या मूर्तींची कार्यशाळा, विसर्जनाच्या दिवशी निर्माल्य संकलन, दिवाळीला फटाके न उडवण्याची शपथ आणि होळीला पळसाच्या फुलांचा रंग असा या उपक्रमांचा वार्षिक क्रम असतो. यांचा परिणाम मोजता येत नाही. तरी घरातल्या मोठ्यांना थेट प्रश्न विचारण्याची मुभा मुलांना देणारे हेच उपक्रम आहेत.

भोर व वेल्हे परिसर

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भोर आणि वेल्हे (राजगड) या दोन तालुक्यांत अशा कामाची परिस्थिती थोड्या अंतरावर पार बदलते. पूर्वेला पुणे-सातारा महामार्गावर नीरा नदीकाठी सारोळे हे गाव आहे. नदीपलीकडे सातारा जिल्ह्यातील शिरवळ लागते. येथे रहदारी, उपाहारगृहे आणि कारखानदारी जवळ असल्याने रस्त्याकडेचे प्लॅस्टिक, नदीचे पाणी आणि सावलीची झाडे हे मुलांच्या डोळ्यांसमोरचे विषय आहेत. पाऊस बेताचा असल्याने लावलेल्या रोपाला पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात हाताने पाणी घालावे लागते.

पश्चिमेला घाटमाथ्याकडे चित्र उलटे आहे. पावसाळ्यात अतिवृष्टी होते आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यावस्त्यांवर पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. वेळवंडी नदीवरील भाटघर (१९२८) आणि नीरा देवघर या भोर तालुक्यातील धरणांचे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांकडे जाते. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या मुलांना पाणीबचतीचा धडा शिकवताना शिक्षकाला हा भूगोलही समजावून सांगावा लागतो. फेब्रुवारीनंतर डोंगरउतारांवर लागणारे वणवे ही दुसरी अडचण. वणव्यात नवी रोपे सर्वांत आधी जातात, म्हणून डोंगरावरच्या लागवडीभोवती गवत काढून जाळपट्टा ठेवावा लागतो. हे काम मोठ्यांचे आहे आणि ते मुलांकडे सोपवले जाऊ नये.

या भागाची जमेची बाजू म्हणजे तेथील देवराया. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. त्यातून देवाच्या नावाने राखलेल्या या राया म्हणजे मूळ जंगलाचे जिवंत नमुने आहेत, हे पुढे आले. शाळेच्या रोपवाटिकेला स्थानिक जातींचे बी हवे असेल, तर जवळच्या देवराईचा परिसर पाहण्याइतका चांगला धडा दुसरा नाही. मात्र देवराईतले काही न्यायचे नाही हा गावाचा नियम असतो, तेव्हा बी उचलण्यापूर्वी गावकऱ्यांची संमती घेणे आवश्यक ठरते. परिसरातील डोंगरांवर हिरडा आणि कारवी आढळतात. कारवी साधारण सात वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते. म्हणजे सातवीपर्यंतच्या शिक्षणात एका मुलाला हा बहर बहुधा एकदाच पाहायला मिळतो, आणि त्या वर्षी नोंद राहिली नाही तर पुढच्या मुलांकडे तुलनेला काही उरत नाही.

झाडे जगण्याचा प्रश्न

राज्याने १ जुलै २०१६ रोजी २ कोटी झाडांच्या लागवडीची मोहीम घेतली. पुढे हे लक्ष्य २०१७ साठी ४ कोटी, २०१८ साठी १३ कोटी आणि २०१९ साठी ३३ कोटी असे वाढत गेले. या सर्व मोहिमांत शाळांचा मोठा सहभाग होता. २०२१ मध्ये ३३ कोटी वृक्षलागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती जाहीर झाली. लावलेल्या झाडांची संख्या आणि जगलेल्या झाडांची संख्या यांतील अंतर हा या वादाचा गाभा होता.

शाळांच्या बाबतीत या अंतराचे कारण बरेचसे दिनदर्शिकेत आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरलेले आहेत. उरलेल्या दिवसांचा मोठा सलग भाग मे व जूनच्या पूर्वार्धात, म्हणजे रोपाला पाण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच येतो. ज्या शाळांची झाडे जगलेली दिसतात, तेथे बहुतेक वेळा सुट्टीतील पाण्याची पाळी आधीच ठरलेली असते. कधी शेजारच्या वस्तीवरील मुले, कधी स्वयंपाक करणाऱ्या ताई, तर कधी शाळा व्यवस्थापन समितीतील एखादा पालक ती सांभाळतो. रोपाशेजारी सच्छिद्र मडके पुरून ते आठवड्यातून एक-दोनदा भरणे हा जुना उपाय अशा वेळी फार उपयोगी पडतो. अहवालाचे नमुने मात्र लागवडीच्या आकड्यावर संपतात. पुढच्या जूनमध्ये त्यांपैकी किती रोपे उभी आहेत हा रकाना त्यांत असता, तर शाळांनी कमी पण जगतील एवढीच झाडे लावली असती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आंबा-फणसासारखी झाडे रयतेने पोटच्या पोरांसारखी दीर्घकाळ जतन केलेली असतात, म्हणून ती मालकाच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत, असे बजावले आहे. या उताऱ्याचा उल्लेख वृक्षदिनाच्या भाषणांत हमखास होतो. पण तेथेही भर लावण्यापेक्षा दीर्घकाळ जतन करण्यावर आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला गेला आहे. डोंगरी भागातील अनेक शाळांची पटसंख्या २० पेक्षा कमी आहे. अशा शाळेत वेगळे पथक निवडण्याचा प्रश्नच येत नाही, तेथे सगळी शाळा हीच हरित सेना असते. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचा विचार मांडला. त्या वेळी नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि वेल्हे तालुक्यातील पानशेत येथील समूह शाळांचा दाखला देण्यात आला. ग्रंथालय, क्रीडांगण, पुरेसे शिक्षक यांचा विचार करता समूह शाळेचे फायदे स्पष्ट आहेत, तर वस्तीपासूनचे अंतर आणि वाहतूक यांवरून या धोरणाला विरोधही झाला. शाळा हलली की मुले गाडीने जातात. आवारातली आठ-दहा वर्षांची झाडे, परसबागेचे वाफे आणि पाण्याची पाळी जागेवरच राहतात. त्यांची जबाबदारी कोणाकडे द्यायची, हे ग्रामपंचायतीने ठरवावे लागते.

अन्य देशांतील समांतर उपक्रम

१९९२ च्या रिओ परिषदेनंतर पर्यावरण शिक्षण प्रतिष्ठान या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस आणि युनायटेड किंग्डम या देशांत 'इको-स्कूल्स' कार्यक्रम सुरू केला. त्यात विद्यार्थी बहुसंख्य असलेली समिती प्रथम शाळेची पर्यावरणीय पाहणी करते, मग कृती आराखडा आखते आणि पुढे त्याचा पाठपुरावा करते. निकष पूर्ण करणाऱ्या शाळेला हिरवा ध्वज मिळतो. तो कायमचा नसतो, ठरावीक मुदतीनंतर पुन्हा मूल्यमापन होते. भारतात हा कार्यक्रम पर्यावरण शिक्षण केंद्र चालवते. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राचा 'ग्रीन स्कूल्स' कार्यक्रम (२००६) हा हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा बाबींच्या लेखापरीक्षणावर आधारलेला आहे. त्यात विद्यार्थी स्वतः मोजमाप करून शाळेचा अहवाल तयार करतात. या दोन्ही पद्धतींत आधी मोजणी व मग कृती असा क्रम आहे. हरित सेनेत तो बहुतांशी उलट राहिला आहे.